जहाजाची नोंद राहिली, माणसाची राहिली नाही

(बोरी येथील वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न ऐकू येतोय: बोरीच्या लोकांना इंग्लंडच्या जुन्या मच्छीमार जहाजांचं काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास. आपला मासा येलदरीच्या धरणातला, रोहू नाही तर कटला. पण ही गोष्ट जितकी माशांची, तितकीच मजुरीची आहे. घर सोडून लांब कामाला जाणारी माणसं, हंगामावर चालणारं पोट, कामाचा पुरावा कुणाच्या हातात राहतो हा प्रश्न. हे सगळं परभणी जिल्ह्याला परकं नाही.

आधी हे जहाज समजून घेऊ. ट्रॉलर म्हणजे जाळं ओढणारी बोट. आपण शेतात वखर ओढतो, तसं हे पिशवीसारखं जाळं समुद्राच्या तळावरून ओढलं जातं. इंग्लंडच्या दक्षिणेला ब्रिक्सम नावाचं बंदर आहे. तिथले कोळी शिडाच्या बोटींनी हे काम करत. १८४०च्या दशकात उत्तर समुद्रात माशांनी भरलेली नवी जागा सापडली आणि हल, ग्रिम्सबी ही पूर्व किनाऱ्यावरची बंदरं वर आली. त्याच सुमारास रेल्वे आली, बर्फ आला. बंदरात उतरलेला मासा गिरणीच्या गावात पोचू लागला आणि गिरणी कामगाराचं स्वस्त जेवण ठरला. पुढे त्याच जेवणाला ‘फिश अँड चिप्स’ म्हणून जग ओळखू लागलं.

वाफेचं इंजिन या धंद्यात आडवाटेनं आलं. १८७७मध्ये नॉर्थ शील्ड्सच्या विल्यम पर्डी यांनी ‘मेसेंजर’ नावाच्या ओढबोटीला जाळं बांधून पाहिलं. ती बोट मुळात मोठी जहाजं बंदरात ओढून आणायची. प्रयोग जमला. १८८१मध्ये ग्रिम्सबीला मासेमारीसाठीच बांधलेली वाफेची ‘झोडियाक’ आली. तोवर जाळ्याचं तोंड उघडं ठेवायला लांब लाकडी तुळई लागत असे. १८९०च्या दशकात तिच्या जागी दोन जड फळ्या आल्या. बोट पुढे निघाली की पाण्याच्या दाबानं त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि तोंड आपोआप फाकतं. तुळई गेली, जाळं मोठं झालं. जवळचा मासा कमी होत गेला तशा बोटी लांब जाऊ लागल्या: आधी आइसलंड, मग बेअर बेट, बॅरेंट्स समुद्र, श्वेत समुद्र.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हलच्या ट्रॉलरवरचा माणूस कसा जगत होता? एक फेरी साधारण तीन आठवड्यांची. जहाजावर वीसेक माणसं: कप्तान, त्याचा दुय्यम, बोसन, इंजिनवाले, स्वयंपाकी, डेकवरचे हात आणि शिकाऊ पोरं. पोरगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून चढायचा. मासेमारी सुरू झाली की अठरा तास काम आणि सहा तास झोप. जाळं सोडायचं, काही तास ओढायचं, वर घ्यायचं आणि उघड्या डेकवर, बर्फाळ वाऱ्यात, माशांची पोटं फाडून साफ करायची. मासा खाली बर्फात जायचा. यकृत वेगळं काढून त्याचं तेल करायचे आणि त्याचे पैसे वेगळे मिळायचे.

मूळ पगार थोडा, बाकी सगळं लिलावावर. मासा महाग विकला तर हिस्सा बरा, भाव पडला तर हातात फारसं काही नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये घरी राहायला दोन-तीन दिवस मिळत. तेवढ्या दिवसांत पैसा असा उधळला जाई की गावानं या लोकांना ‘तीन दिवसांचे लक्षाधीश’ हे नाव दिलं. बायका किनाऱ्यावर जाळी विणत नाही तर मासळीच्या कारखान्यात राबत. नवरा निघायच्या दिवशी त्या कपडे धूत नसत. धुतले तर माणूस पाण्यात वाहून जातो, अशी समजूत. हसू नका. पेरणीच्या दिवशी आपणही काय काय पाळतो ते आठवा.

ही जहाजं मजबूत असत आणि वादळात टिकत, म्हणून युद्ध आलं की सरकारला त्यांची आठवण व्हायची. त्याआधीच एकदा युद्ध त्यांच्या अंगावर चालून आलं होतं. २१ ऑक्टोबर १९०४च्या रात्री रशियाचं आरमार जपानशी लढायला निघालेलं होतं. उत्तर समुद्रात त्यांना हलच्या बोटींचे दिवे दिसले. जपानी पाणतीर बोटी समजून त्यांनी तोफा डागल्या. ‘क्रेन’ नावाची बोट बुडाली, कोळी मेले. ब्रिटन आणि रशिया लढाईच्या उंबरठ्यावर आले. पॅरिसमध्ये चौकशी बसली आणि रशियानं ६६ हजार पौंड भरपाई दिली. ही भरपाई लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या महायुद्धात शेकडो ट्रॉलर सरकारनं ताब्यात घेतले. मासे ओढणारी यंत्रं आता समुद्रातले सुरुंग ओढू लागली. नौदलानं स्वतःसाठीही नवे ट्रॉलर बांधले आणि त्यांना ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेल्या साध्या खलाशांची नावं दिली. त्या लढाईच्या सेनापतीचं, नेल्सनचं, नाव सगळ्यांना ठाऊक होतं; हजेरीपटावरच्या या खलाशांना मानाची जागा शंभर वर्षांनी मिळाली, तीही जहाजांच्या रूपानं. दुसऱ्या महायुद्धात लोस्टॉफ्ट बंदरातून अशा ट्रॉलरांच्या गस्ती दलाचा कारभार चाले. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा २,३८५ माणसांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. ग्रिम्सबीचा ‘बेडफर्डशायर’ तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाणबुड्या शोधायला पाठवला गेला. मे १९४२मध्ये जर्मन पाणबुडीनं त्याला बुडवलं आणि जहाजावरचे सगळे गेले. किनाऱ्याला लागलेल्या काही खलाशांना ओक्राकोक बेटावर पुरलं आहे.

आता आपल्या बाजूला येऊ. इंग्रजांना वाटलं, उत्तर समुद्रात चालतं ते हिंदुस्थानातही चालेल. १९०८मध्ये बंगाल सरकारनं ‘गोल्डन क्राउन’ हा वाफेचा ट्रॉलर बंगालच्या उपसागरात उतरवला. १९२१-२२मध्ये मुंबई सरकारनं ‘विल्यम कॅरिक’ नावाचा ट्रॉलर मुंबईसमोरच्या समुद्रात चालवून पाहिला. त्याचा शास्त्रीय अहवाल हेफर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिला. मद्रासनं १९२७च्या सुमारास ‘लेडी गोशेन’ आणली. शास्त्रज्ञांना नमुने मिळाले, तळाची माहिती मिळाली. धंदा मात्र त्यातून लगेच उभा राहिला नाही. हलच्या मागे रेल्वे होती, बर्फ होता, रोज मासा मागणारी गिरणीची गावं होती. नुसतं जहाज आणून ही साखळी तयार होत नाही. मुंबईचा कोळी आपल्या डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा धरत राहिला, आणि त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर होता.

दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या गोद्यांमध्ये ‘बॅसेट’ वर्गाचे नौदली ट्रॉलर बांधले गेले. त्यांना इथल्या गावांची, प्रांतांची नावं दिली. त्यांत एक ‘नाशिक’ होता आणि एक ‘बेरार’, म्हणजे आपल्या शेजारचा वऱ्हाड! ज्या वऱ्हाडाला समुद्र नाही, त्याच्या नावाचं जहाज समुद्रावर फिरत होतं. १९४६मध्ये सरकारनं मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र काढलं. तेच वाढून आज भारतीय मत्स्य सर्वेक्षण झालं आहे. आज ससून गोदीत ट्रॉलरांची दाटी असते आणि पावसाळ्यातल्या बंदीत जून-जुलैमध्ये ते नांगरलेले दिसतात. म्हणजे ते यंत्र अखेर इथेही रुजलंच. त्याच्याबरोबर त्याचे प्रश्नही आले: तळ खरवडला जाणं, बारीक मासळी उपसली जाणं, लहान कोळी आणि मोठे बोटमालक यांच्यातलं भांडण.

परत हलला जाऊ. जानेवारी १९६८. ‘सेंट रोमॅनस’ बंदरातून निघाला. त्याच्यावर बिनतारी यंत्र चालवणारा माणूस नव्हता. एक-दोन दिवसांत त्याचा आवाज बंद झाला आणि शोध सुरू झाला तो २६ तारखेला, म्हणजे दोन आठवड्यांनी. मग ‘किंग्स्टन पेरिडॉट’ गेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आइसलंडच्या खाडीत वादळातून आसरा शोधणारा ‘रॉस क्लीव्हलँड’ बर्फाच्या ओझ्यानं कलंडला. तीन जहाजं, ५८ माणसं. वाचला एकच, हॅरी एडम.

मासळीच्या कारखान्यात काम करणारी लिलियन बिलोका नावाची बाई उठली. तिचा नवरा आणि मुलगा समुद्रावरच होते. तिनं आणि इतर बायकांनी दहा हजार सह्या गोळा केल्या. बिनतारी चालक नसलेलं जहाज निघू देणार नाही, म्हणून ती गोदीवर उभी राहिली. पोलिसांनी तिला धरून ठेवलं. बायका लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या. जहाजावर बिनतारी चालक, सोबतीला मदतीचं जहाज, हवामानाची खबर, अशा मागण्या सरकारला मान्य कराव्या लागल्या. पण लिलियनची नोकरी गेली आणि तिला धमक्यांची पत्रं आली. १९८८मध्ये ती वारली. शहरानं तिची थोरवी मान्य केली ती पुढे.

सुरक्षितता मिळाली, तेवढ्यात धंदाच संपला. आइसलंडनं आपली मासेमारीची हद्द १९५८मध्ये १२ मैल, १९७२मध्ये ५० आणि १९७५मध्ये २०० मैल केली. आइसलंडच्या गस्ती बोटी ट्रॉलरांच्या जाळ्यांचे दोर कापत, ब्रिटनच्या युद्धनौका त्यांना आडव्या जात. जून १९७६मध्ये ब्रिटननं करार करून माघार घेतली. आइसलंडचं चुकलं असं मी म्हणणार नाही. छोटा देश मासळीवर जगतो, त्याला आपला समुद्र राखायचा होता. आपणही त्याच १९७६ साली कायदा करून २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र घोषित केलं. हद्द न्याय्य होती. पण त्या न्यायाची किंमत कोणी भरली, ते पाहा.

जहाजांचं काय झालं? बहुतेक भंगारात गेली. काही तेलविहिरींजवळ राखणीला लागली. काहींना विलक्षण आयुष्य लाभलं. १९०६ची ‘व्हायोला’ हलमधून निघाली, युद्धात गेली, नॉर्वेला विकली गेली, नाव बदलून दक्षिण जॉर्जिया बेटावर सील मारण्याच्या धंद्यात राबली. आज ती तिथेच ग्रिट्विकेनच्या किनाऱ्यावर उभी आहे, जुन्या वाफेच्या इंजिनासकट. अॅबर्डीनला १९५५मध्ये बांधलेला ‘सर विल्यम हार्डी’ हा सरकारी संशोधन ट्रॉलर. तो ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं घेतला आणि १९७८मध्ये नाव ठेवलं ‘रेनबो वॉरियर’. १० जुलै १९८५ला फ्रेंच हेरांनी त्याला ऑकलंड बंदरात स्फोटानं बुडवलं. त्यात फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार मेला. पुढे त्याचा सांगाडा समुद्रतळाशी नेऊन ठेवला, आता त्याच्याभोवती मासे राहतात. ‘रॉस टायगर’ ग्रिम्सबीत आणि ‘आर्क्टिक कॉर्सेअर’ हलमध्ये संग्रहालय झाले. कुठलं जहाज कधी बांधलं, कुणी विकत घेतलं, कुठं मोडलं, सगळं नोंदवहीत सापडतं.

आणि माणूस? त्याला सांगण्यात आलं की तू कायम कामगार नव्हतास, रोजंदारीवर होतास. प्रत्येक फेरी म्हणजे नवा करार. वीस-वीस वर्षं एकाच मालकाच्या जहाजांवर गेलेला माणूसही कायद्याच्या नजरेत हंगामी. म्हणून काम गेल्याची भरपाई नाही. रशियन तोफांची भरपाई काही महिन्यांत मिळाली होती. स्वतःच्या सरकारच्या कराराची भरपाई मिळवायला चोवीस वर्षं भांडावं लागलं. २०००मध्ये योजना आली: सेवेच्या प्रत्येक वर्षाला १,००० पौंड, जास्तीत जास्त २०,०००. पण अट अशी की मध्ये बारा आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला असेल, तर त्याआधीची वर्षं धरायची नाहीत. ज्याला हंगामी म्हणून वागवलं, त्याच्याकडेच अखंड सेवा मागितली! २००७मध्ये तिथल्या संसदेच्या लोकपालानं ही योजना घाईत रचल्याचा ठपका ठेवला. मग २००९मध्ये नवी योजना करावी लागली. तोवर अनेक जण हयात नव्हते.

मंडळी, आता मी बोरीत परत येतो. दिवाळीनंतर आपल्या भागातून ऊसतोडीला गाड्या निघतात. उचल घेतलेली असते, करार मुकादमाशी असतो, हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने काम, मग गाव. पंधरा हंगाम गेलेल्या माणसाला विचारा, कुठल्या कारखान्यावर किती वर्षं तोड केली याचा कागद दाखव. त्याच्याकडे काय निघेल?

तोडणीची यंत्रं शेतात उतरली आहेत. उद्या ती वाढतील, तेव्हा यंत्राची खरेदी, अनुदान आणि विमा कागदावर असेल. माणसाचं काय असेल? ऊसतोड कामगारांना ग्रामपंचायतीमार्फत ओळखपत्र देण्याची सोय राज्यानं केली आहे. ते काढून घ्या. हंगामाचं वर्ष, कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, तोडीची पावती घरातल्या शिकलेल्या मुलीकडून एका वहीत लिहून ठेवा. बाईचं नावही त्यात स्वतंत्र लिहा, कारण अर्धा कोयता तिचा असतो. हलच्या माणसांना अंगमेहनत कमी पडली नाही, धाडस कमी पडलं नाही. कमी पडला तो कागद, आणि तो त्यांच्या हाती राहू नये अशीच धंद्याची रचना होती. आपल्याकडे रचना तशीच आहे. वही मात्र आपण आजपासून ठेवू शकतो.