हिऱ्याची परीक्षा

‘हिरा तो हिरा, गार ती गार’ असे आपण सहज म्हणतो. पण हिरा कोणता आणि गार कोणती हे ठरवावयाचे कसे? हिरा ऐरणीवर ठेवून त्यावर घण घालावा, फुटला तर तो खोटा, अशी एक समजूत फार जुनी आहे. ही परीक्षा अस्सल हिऱ्याच्याच जिवावर बेतणारी आहे. हिरा कठीण खरा, पण तितकाच ठिसूळही आहे. नेमक्या दिशेने घाव बसला की तो दुभंगतो. दुसरी कसोटी सौम्य आहे. खड्यावर तोंडाची वाफ सोडावी. काचेवर ती रेंगाळते, हिऱ्यावरून क्षणात विरते. कारण हिरा उष्णता विलक्षण त्वरेने वाहून नेतो.

धातूंमध्ये उष्णता वाहण्याचे काम मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन करतात. हिऱ्यात ते जवळजवळ नसतात, आणि तरीही शुद्ध हिरा तांब्याच्या सुमारे ५ पट उष्णता वाहतो. याचे रहस्य त्याच्या रचनेत आहे. कार्बनचा हलका अणू चार शेजाऱ्यांशी अतिशय बळकट बंधांनी जखडलेला असतो. एका टोकाचे अणू थरथरले की ती थरथर लाटेप्रमाणे सर्व स्फटिकभर धावते. ध्वनीसुद्धा हिऱ्यातून सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर वेगाने जातो.

स्फटिकातील या स्पंदनांचा ध्यास बंगळूरमध्ये सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतला होता. १९३३ साली ते तेथील भारतीय विज्ञान संस्थेत आले. १९४८ साली त्यांनी आपली स्वतंत्र संशोधनसंस्था त्याच शहरात उभारली. हिरे हा त्यांच्या संशोधनाचा आवडता विषय होता. चाळीसच्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी यांनी अनेक हिऱ्यांच्या प्रतिदीप्तीचे, म्हणजे प्रकाश पडताच त्यांतून उमटणाऱ्या उजेडाचे, वर्णपट टिपले. एकेका छायाचित्रासाठी १५ ते २० तास प्रकाश द्यावा लागे. स्पंदनांविषयीचा रामन यांचा सिद्धान्त माक्स बॉर्न यांच्या सिद्धान्तापुढे टिकला नाही. परंतु इतक्या चिकाटीने टिपलेली निरीक्षणे मात्र टिकली.

आज जवाहिऱ्याच्या हातात लेखणीएवढे एक उपकरण असते. त्याचे तांब्याचे टोक विजेने किंचित तापवलेले असते. ते खड्याला टेकविताच किती उष्णता खेचली जाते हे उपकरण मोजते. काच किंवा क्युबिक झिर्कोनिया असेल तर टोक फारसे निवत नाही. हिरा असेल तर झपाट्याने निवते. खडा मात्र स्वच्छ, कोरडा आणि खोलीइतक्याच तापमानाचा हवा, आणि टोक कोंदणाच्या धातूला लागता कामा नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९९८ च्या सुमारास मॉइसनाइट नावाचा कृत्रिम खडा बाजारात आला. तो सिलिकॉन व कार्बन यांचा बनलेला असून त्याची बांधणी हिऱ्याशी मिळतीजुळती आहे. म्हणून तोही उष्णता उत्तम वाहतो आणि हे उपकरण त्याला हिरा समजते. भिंगातून तिरपे पाहिले असता त्याच्या मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात; हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात. पारखी नजरेला एवढी खूण पुरते.

प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे. उपकरण त्याला हिरा म्हणते, आणि ते खोटे नाही. कारण तो कार्बनचा खराच हिरा असतो. तो भूगर्भातून आला की यंत्रातून, हा प्रश्न उष्णतेला विचारलेलाच नसतो. त्याचे उत्तर त्याची प्रतिदीप्ती आणि त्याचा वर्णपट देतात. बंगळूरच्या प्रयोगशाळेत निव्वळ ज्ञानासाठी धुंडाळलेली वाट आज रत्नपरीक्षकाच्या मेजापर्यंत पोहोचली आहे ती अशी.

मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षांची पुंजी घेऊन जो गृहस्थ सराफाच्या पेढीची पायरी चढतो, त्याने एवढे ध्यानी ठेवावे. उपकरणाचा दिवा लागला म्हणजे परीक्षा संपली असे नव्हे. खडा उष्णता चांगली वाहतो, एवढीच ग्वाही तो दिवा देतो. तो मॉइसनाइट नाही ना, आणि हिरा असल्यास खाणीतला की घडविलेला, हे दोन प्रश्न त्याने निःसंकोच विचारावेत आणि उत्तर प्रमाणपत्रावर लेखी मागावे. प्रामाणिक सराफाला त्याचा राग येणार नाही.