इंदूरचे मराठी सणवार

इंदुरात मराठी वस्ती वाढली ती अठराव्या शतकात, होळकरांच्या राजवटीत. मुलूख सुटला, पण घरची भाषा आणि सणवार सुटले नाहीत. दारोदार गुढी उभी राहते, श्रीखंड-पुरीचा बेत होतो. मराठी साहित्य संमेलनही येथे १९१७, १९३५ आणि २००१ साली भरले.

गणेशोत्सव मात्र साऱ्या शहराचा झाला. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, कल्याण या कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात: यंत्रावर हलणारे पौराणिक देखावे, दिव्यांच्या माळा, सोबत आखाड्यांतील पहिलवानांच्या कसरती. रस्त्याच्या दुतर्फा लोक पहाटेपर्यंत जागतात. गिरण्यांना कधीच टाळे लागले. तरी कामगारांनी वर्गणी गोळा करून झांक्या चालू ठेवल्या, हे विशेष कौतुकाचे. या मिरवणुकीत मराठी आणि माळवी माणूस वेगळा काढता येत नाही.