गुण आला, पण कशाने?

एखाद्या डॉक्टरांची ख्याती सांगताना आपण म्हणतो, "त्यांच्या हाताला गुण आहे." औषध लागू पडले की म्हणतो, "गुण आला." आपल्या भाषेतला हा शब्द मोठा गोड आहे. त्यात विश्वास आहे, कृतज्ञताही आहे. परंतु गुण आला तो नेमका कशाने, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. दुखणे गेले, माणूस उठून कामाला लागला, मग चौकशी कशाला? असा आपला विचार असतो, आणि घरापुरता तो ठीकही आहे. पण त्याच दुखण्याने उद्या दुसऱ्या घरचा माणूस अंथरूण धरणार असेल, तर ही चौकशी केलीच पाहिजे.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणारा एक अध्यापक. तेव्हा कोणत्या दुखण्यावर काय घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण अमुक उपायाने रोगी बरा झाला असे कोणी म्हटले, तर त्याच्याकडे पुरावा कोणता मागावा, हा आमच्या विषयाचा प्रांत आहे. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

गंमत अशी की, या शास्त्राची मूळ तत्त्वे आपल्या म्हणींत आधीच आहेत. "औषधावाचून खोकला गेला" ही म्हण पाहा. नको असलेला पाहुणा आपणहून निघून गेला की आपण ती वापरतो; पण तिचा शब्दशः अर्थ घ्या. काही खोकले औषध न घेताही जातात! मग त्याच आठवड्यात कोणी काढा दिला असेल, तर श्रेय काढ्याला द्यायचे की काळाला? दुसरी म्हण, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. आणि तिसरी एक गोष्ट आहे, तिला म्हण नाही. ज्यांना बरे वाटते ते पेढे घेऊन येतात. ज्यांना वाटत नाही ते मुकाट्याने दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. साहजिकच डॉक्टरांच्या स्मरणात पेढे राहतात. अत्यंत प्रामाणिक आणि कुशल डॉक्टरांचा "माझा अनुभव" हासुद्धा असा एका बाजूला झुकू शकतो.

यावर उपाय काय? एकच. सारख्या रोग्यांचे दोन गट करायचे, एका गटाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचा उपचार ठेवायचा, आणि दोन्हीकडचे सगळे रोगी मोजायचे. पेढे आणणारे आणि न आणणारेही. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते किती अवघड आहे आणि त्यातून काय हाती येते, हे पाहण्यासाठी आपण एकाच रोगाची कथा घेऊ. हा रोग म्हणजे क्षय.

एके काळी क्षय म्हटले की घरावर अवकळा येई. खरे औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी, आणि ज्यांना परवडेल किंवा जागा मिळेल त्यांना सॅनेटोरियम. आपल्याकडे मिरज, पाचगणी, औंध ही नावे त्या काळच्या पुष्कळ कुटुंबांनी धडधडत्या छातीने ऐकली असतील. 1943 मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि प्रथमच आशा दिसू लागली. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये हे औषध फारच थोडे होते. सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने ठरवले की, आहे तेवढ्या औषधाची नीट परीक्षा तरी घ्यावी. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे या परीक्षेचे संख्याशास्त्रज्ञ होते.

त्यांनी केले काय? कोणाला औषध मिळावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही. मर्जीवर ठेवले असते, तर कोणी तरणाताठा रोगी पाहून त्याला दिले असते, कोणी अत्यवस्थ पाहून त्याला. आणि दोन्ही गट सारखे राहिले नसते. आपल्याकडे भावाभावांत शेताची वाटणी करताना चिठ्ठ्या टाकतात ना, तसाच प्रकार. निवड आधीच यदृच्छेने ठरवून बंद पाकिटांत ठेवली होती. 55 रोग्यांना औषध आणि विश्रांती मिळाली, 52 रोग्यांना त्या काळचा उपचार म्हणजे नुसती विश्रांती. छातीचे एक्स-रे ज्यांनी तपासले त्यांना फिल्म कोणत्या गटातली हे सांगितले नव्हते. कारण माणसाला जे पाहायची इच्छा असते ते दिसते. सहा महिन्यांनंतरचा हिशेब असा : विश्रांतीच्या गटातले 14 जण दगावले, औषधाच्या गटातले 4. हे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे आनंदाने टाळी वाजवून थांबता आले असते. पण मोजणारे थांबले नाहीत. पाच वर्षांनी पाहिले तो औषधाच्या गटातले 32 आणि दुसऱ्या गटातले 35 जण मृत्यू पावले होते! सुरुवातीचा बराचसा फायदा ओसरला होता. एकट्या औषधाशी झुंजता झुंजता रोगजंतू निर्ढावले होते. त्यांच्यावर औषध चालेनासे झाले होते. जंतू निर्ढावतात हे पहिल्या परीक्षेतच ध्यानात आले होते, म्हणून लगेच पुढची परीक्षा झाली आणि कळले की, स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पी. ए. एस. हे दुसरे औषध दिले तर जंतू सहसा निर्ढावत नाहीत. आज क्षयाच्या रोग्याला एकाच वेळी अनेक गोळ्या का देतात, याचे मूळ येथे आहे. पहिल्या यशानंतर मोजदाद बंद केली असती, तर हे शहाणपण आले असते, पण फार उशिरा आणि फार माणसे गमावून.

आता आपल्या देशात येऊ. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात क्षयरोगी लाखोंनी होते आणि त्यांच्यासाठी रुग्णालयांतल्या खाटा काही हजार. सगळ्यांना सॅनेटोरियम हवे म्हटले, तर बहुतेकांना काहीच मिळणार नाही, असा पेच होता. तोपर्यंत आयसोनियाझिड हे तिसरे स्वस्त औषध आले होते. मग औषध घरीच दिले तर? पण तज्ज्ञांना शंका होत्या, आणि त्या रास्तही होत्या. गरिबाच्या घरी ना विश्रांती, ना पोषक अन्न, ना मोकळी हवा. एका खोलीत सहा माणसे. रोगी बरा होणार नाहीच, उलट घरच्यांना रोग देईल!

हा वाद सभेत हात वर करून मिटण्यासारखा नव्हता. 1956 मध्ये मद्रास येथे एक केंद्र निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी ते चालवले. वॉलेस फॉक्स या डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता. शहरातले गरीब, थुंकीत जंतू असलेले 193 रोगी घेतले. पुन्हा तीच रीत. कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियममध्ये जाणार, हे यदृच्छेने ठरले. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. कर्मचारी रोग्याच्या घरी न सांगता जात, उरलेली औषधे मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. कोणावर अविश्वास दाखवायचा म्हणून नव्हे; कडू औषध रोज वर्षभर घेणे किती कठीण, हे ते जाणून होते म्हणून.

1959 मध्ये निकाल आला. वर्षाअखेर सॅनेटोरियममधल्या शंभरांत 92 जणांचा रोग शमला होता, घरच्या गटात शंभरांत 86 जणांचा. घरच्यांचे अन्न उणे होते, विश्रांती कमी, जागा दाटीची. वजनही सॅनेटोरियमवाल्यांचे अधिक वाढले. तरीही रोग शमण्यात फारसा फरक नव्हता. प्रत्येक गटात शंभराहून कमी माणसे होती. तेव्हा 92 आणि 86 यांतले अंतर म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहा रोगी. एवढे उणे-अधिक नुसत्या चिठ्ठ्यांच्या योगायोगानेही होऊ शकते. पुढे पाच वर्षे कुटुंबांवर लक्ष ठेवले, तेव्हा दिसले की, रोगी घरी राहिला म्हणून घरच्यांना क्षय अधिक झाला असे नाही. संसर्गाचा खरा धोका औषध सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

या निकालाने किती माणसांचे आयुष्य बदलले, याचा अंदाज करा. खाटेची वाट पाहत बसायचे कारण उरले नाही. कर्त्या पुरुषाला, लेकुरवाळ्या बाईला वर्षभर घर सोडून जाणे नको. 1962 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. इतर देशांनीही सॅनेटोरियमची वाट हळूहळू सोडली.

आता कथेचा तिसरा भाग. मद्रासच्या निकालाचा अर्थ पुष्कळांनी असा घेतला की, क्षयात औषधच काय ते खरे, अन्नाचे फारसे महत्त्व नाही. नीट पाहा : तेथे विचारलेला प्रश्न होता, घरी औषध देऊन रोग शमतो का? अन्न दिल्याने घरच्यांचा बचाव होईल का, हा प्रश्न तेथे विचारलाच नव्हता. जो प्रश्न विचारला नाही त्याचे उत्तर आकड्यांच्या तोंडी घालणे, ही चूक आकड्यांची नव्हे, आपली.

तो प्रश्न झारखंडमध्ये विचारला गेला. 2019 ते 2022 या काळात तेथे 2,800 क्षयरोगी आणि त्यांच्या घरची 10,345 माणसे यांचा अभ्यास झाला. अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव हे डॉक्टर त्यात अग्रभागी होते, आणि मद्रासचे ते जुने केंद्र, म्हणजे आजची चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, त्यात सहभागी होती. रोग्यांना शिधा दोन्ही गटांत दिला. उपाशी रोग्याला नुसते निरखत बसणे योग्य नव्हे. फरक केला तो घरच्यांत. एका गटातल्या घरच्या माणसांना दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, दुसऱ्या गटात नाही. 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते. लस नाही, महाग औषध नाही. भात आणि वरण! रोग्यांमध्येही ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी आढळले.

आपल्या आजीला हे ठाऊक होते, असे कोणी म्हणेल. होतेच. पण आजीला हेही ठाऊक होते की रोग्याची हवापालट केली पाहिजे. आणि ते मोजणीत टिकले नाही. आजीच्या दोन गोष्टींपैकी कोणती खरी, हे आजीवरच्या प्रेमाने ठरत नाही. शिवाय सरकारी तिजोरी "आमच्या आजी म्हणत" एवढ्यावर उघडत नाही. ती 39 या आकड्यासाठी उघडू शकते. क्षयरोग्याला पोषणासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळू लागले होते, ते नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले; आणि अन्नसाहाय्याच्या योजनेत घरच्या माणसांनाही घ्यायचे त्याच सुमारास ठरले. ते प्रत्येक घरी वेळेवर पोचते की नाही, हेही आता मोजायलाच हवे.

पुष्कळांची एक तक्रार असते की, आकड्यांत माणूस हरवतो. तीत तथ्य आहे. शंभरांत 86 बरे झाले हे वाचून आपण सुखावतो. पण उरलेल्या 14 जणांच्या घरी त्या आकड्याचा काय उपयोग? चांगला डॉक्टर आकडा ध्यानात ठेवतो आणि समोरच्या रोग्याकडे पाहतो. तो 86 पैकी आहे की 14 पैकी, याचा शोध घेत राहतो. पण हे 14 आहेत हे तरी कळले कशाने? कोणी तरी त्यांना मोजले म्हणून. जेथे मोजत नाहीत तेथे ते 14 जण अनुभवाच्या गोष्टींतून कधीच गळून गेलेले असतात.

मग वाचकहो, तुम्ही-आम्ही काय करावे? सोपी कामे आहेत. नवा उपाय, मग तो महागडा असो की वडिलोपार्जित, कोणी सुचवला तर नम्रपणे विचारावे : हा किती जणांना दिला, कशाशी ताडून पाहिला, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचे काय झाले? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. दुसरे, घरातले जुने कागद, केसपेपर, तपासण्यांचे अहवाल जपून ठेवावेत आणि दाखवायला न्यावेत. पुढचा डॉक्टर तुमच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहू नये. तिसरे, आशाताई किंवा परिचारिका घरी येऊन गोळ्या घेतल्या का, वजन किती, असे विचारतील तेव्हा खरे उत्तर द्यावे. त्यांना बरे वाटावे म्हणून "हो, घेतल्या" म्हणू नये. आणि ज्यांच्या हाती नोंदवही आहे त्यांनी रकाना भरायचा म्हणून भरू नये. वरिष्ठांना आवडेल तो आकडा लिहिला, तर रकाना भरतो, पण त्या आकड्याच्या आधारे उद्या ज्याचा औषधोपचार ठरणार आहे त्याचा घात होतो.

मद्रासच्या त्या 193 रोग्यांना आपण इतिहास घडवीत आहोत हे ठाऊक नव्हते. ते कडू औषध गिळत होते, तपासणीला थुंकी देत होते, दारात आलेल्या कर्मचाऱ्याला उरलेल्या गोळ्या दाखवीत होते. त्यांच्या त्या वर्षभराच्या खऱ्या नोंदींमुळे आज क्षयाचा रोगी आपल्या घरी, आपल्या माणसांत राहून बरा होतो. त्याला गुण येतो तेव्हा त्या गुणातला काही वाटा त्यांचा असतो.