रविवारी सकाळी, कॅमेरा घेऊन
(मासिक बैठकीत केलेले भाषण)



कॅमेऱ्याची आवड असणाऱ्या आपण साऱ्याजणींनी महिन्यातून एकदा शहरात भेटावं, अशी सूचना आली. तेव्हा काहींनी विचारलं, 'हे काय चळवळीचं काम आहे?' मला वाटतं, आहे.

घरातला कॅमेरा बहुतेक पुरुषांच्याच हातात राहिला. रोलमध्ये जेमतेम 36 फोटो, धुण्याचा खर्च वेगळा. मग बाईच्या हाती देऊन 'फुकट' कोण घालवणार? आज फोनमुळे कॅमेरा पर्समध्ये आला, खर्चाची सबब गेली. पण थांबून बघण्याची मुभा आली का? बाई रस्त्यावर दिसते ती दुधासाठी, शाळेसाठी, बँकेसाठी. नुसती उभी राहिली की नजरा वळतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या 2011 सालच्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकाचा विषयच हा आहे: मुंबईत बाईला विनाकारण रेंगाळण्याचा हक्क.

होमाई व्यारावाला (1913-2012) आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. कॉलेजात असताना त्यांना मिळालेलं पहिलं काम होतं एका सहलीचे फोटो काढण्याचं. सुरुवातीला त्यांचे फोटो छापले गेले ते नवऱ्याच्या नावाने. पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये. म्हणून आपला पहिला नियम: फोटो जिचा, नाव तिचं.

आता व्यवस्थेचं बोलू. जागा फोर्टातली, हॉर्निमन सर्कलची बाग. चर्चगेट आणि सीएसएमटी, दोन्हीकडून चालत येता येतं. समोर 1833 सालचा टाऊन हॉल, पुढे हुतात्मा चौक, काळा घोडा. वेळ सकाळी सात ते नऊ. ऊन कोवळं असतं, ऑफिसं बंद असल्याने रस्ते मोकळे असतात, आणि मेगाब्लॉक सुरू होण्याआधी बहुतेकजणी गाडीत बसलेल्या असतील. मात्र रस्ते मोकळे म्हणजे सुनसानही. तेव्हा दोघी-दोघींनी फिरायचं. स्वच्छतागृह कुठलं उघडं आहे हे दोघींनी आदल्या रविवारी जाऊन पाहून यायचं. बायका घराबाहेर किती वेळ राहू शकतात, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.

वर्गणी नाही, सभासदत्व नाही, फोनही चालेल. मूल सोबत आणायचं असेल तर आणा. शेवटी चहा घेताना प्रत्येकीने तीनच फोटो दाखवायचे आणि ते का काढले ते सांगायचं.

'रविवारच का?' असं विचारलं जाईल. रविवार घराच्या सुट्टीचा आणि बाईच्या जास्तीत जास्त कामाचा दिवस, म्हणूनच. एका रविवारचा चहा दुसऱ्या कुणी करायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. बाईच्या खाजगी क्षणाचा तिच्या संमतीवाचून फोटो काढणं 2013 पासून फौजदारी गुन्हा आहे; आता भारतीय न्याय संहितेचं 77 वं कलम त्यासाठी आहे. पण आपण कायद्यापाशी थांबायचं नाही. फुटपाथवर केस विंचरणाऱ्या बाईचं घरच रस्त्यावर असतं. उघड्यावर बसली म्हणून ती सर्वांची होत नाही. आधी बोलायचं, विचारायचं, 'नको' म्हणाली की कॅमेरा खाली. आपल्याकडे रोखून बघणाऱ्या नजरांचा आपल्याला राग आहे ना? मग आपली नजर तशी होता कामा नये.

तेव्हा पुढच्या रविवारी कोण कोण येणार? नावं आत्ताच लिहून घेऊ.