मशेरीची डबी आणि मृत्यूची नोंदवही

आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी नळाला पाणी येण्याआधी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास यायचा. आई तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावायची. या मशेरीला व्यसन कुणी म्हणत नसे. ते दात घासणं होतं! बिडीचंही तसंच. सिगरेट वाईट, बिडी काय, पानात गुंडाळलेली, असं गिरणीतून सुटून आलेले काका ठामपणे सांगत.

श्रोतेहो, हे खरं की खोटं, ते ठरवायचं कसं? नुसतं डॉक्टरांना विचारून भागत नाही. त्यांच्याकडे आजारी माणसं येतात, मशेरी लावून ठणठणीत राहिलेली बाई कशाला जाईल? त्यासाठी हजारो माणसांना आधी विचारून ठेवायचं, काही वर्षं थांबायचं आणि मग कोण कशाने गेलं ते पाहायचं. पण विचारलेलं असतं सर्वेक्षणाच्या कागदात आणि मरणाचं कारण असतं महापालिकेच्या नोंदवहीत. ही दोन दप्तरं कुणीतरी जुळवावी लागतात.

आपल्या मुंबईत हे काम झालेलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 पासून शहर भागात, उपनगरं सोडून, पस्तिशीपुढच्या माणसांची पाहणी सुरू केली. माणसं शोधायला त्यांनी मतदार यादी घेतली. घरोघर जाऊन तंबाखूच्या सवयी विचारल्या, वजन-उंची मोजली आणि उत्तरं तिथल्या तिथे हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर टिपली. त्या काळात हे नवलच होतं. श्रीमंतांच्या वसाहती मात्र वगळाव्या लागल्या, कारण पहारेकरी आत सोडणं कठीण. चाळीचं दार उघडं असतं, ते असं उपयोगी पडलं.

पहिल्या टप्प्यातल्या 99,598 माणसांचा अहवाल 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 57.5 टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, जवळजवळ सगळ्या मशेरीसारखी बिनधुराची. पुढे 1997 पर्यंत हा आकडा 1,48,173 वर गेला.

मग काही वर्षांनी माणसं पुन्हा त्याच दारांवर गेली. अमुक आहेत का? नसतील तर कधी गेले? आणि मृत्यूचं कारण महापालिकेच्या नोंदींतून शोधलं. ऐकायला सोपं वाटतं, पण असल्या जुळणीत खरी परीक्षा नावांची असते. यादीत बाई सासरच्या नावाने, रुग्णालयाच्या कागदावर घरच्या हाकेच्या नावाने. वय एकीकडे पंचावन्न, दुसरीकडे साठ. इंग्रजीत लिहिलेलं एकच आडनाव तीन तऱ्हांनी. एकाच इमारतीत एकाच नावाचे दोन गृहस्थ असले, तर जिवंत माणसाला मेलेला ठरवायला कितीसा वेळ लागतो?

या चिकाटीचं फळ 2005 साली छापून आलं. तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगरेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 37 टक्क्यांनी जास्त, बिडी ओढणाऱ्यांचा 64 टक्क्यांनी. बायकांमध्ये बिनधुराच्या तंबाखूने तो 25 टक्क्यांनी वाढलेला. काकांचं म्हणणं नुसतं चुकीचं नव्हतं, उलटं होतं.

कर्करोगाची नोंद तर इंडियन कॅन्सर सोसायटी मुंबईत 1963 पासून ठेवते आहे. तिचे कर्मचारी रुग्णालयं पालथी घालतात, शिवाय महापालिकेच्या मृत्यूनोंदीही तपासतात. कारण रुग्णालयाकडून सुटलेला रुग्ण कधी कधी तिथेच सापडतो.

आता प्रत्येकाला आरोग्याचा चौदा आकडी क्रमांक मिळू लागला आहे. जुळणी चुटकीसरशी होईल, असं म्हणतात. होईलही. पण दारावर आलेल्या मुलीला आईने खरं सांगितलं, ते ती मुलगी सासूला किंवा मुकादमाला सांगणार नाही, या भरवशावर. म्हणून जुळणी झाली की नावं काढून टाकणं आणि मूळ यादी वेगळ्या कुलपात ठेवणं, याबाबत मी तरी हट्टी आहे. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने संशोधनाला सवलत दिली आहे. मात्र त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही, अशी अटही घातली आहे. अट चांगली आहे. ती पाळली जाते की नाही, हे कोण बघणार, ते मात्र विचारत राहायला हवं.

आणि एक भोक क्रमांकानेही बुजत नाही. गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागची किती माणसं गावी परतली! आईही गुडघे थकल्यावर राजापूरकडे गेली आणि तिथेच वारली. महापालिकेच्या वहीत तिचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. दाखला आणायला मी गावी गेलो. शेवटचं वर्षभर तिला घास गिळता येत नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला तपासलेलं मात्र कुणी नव्हतं. मी तिथल्या कारकुनाला विचारलं, कारण काय लिहिलंय? त्याने वही माझ्याकडे फिरवली. तिथे लिहिलं होतं, वृद्धापकाळ.