अज्ञाताला नाव द्या



बीजगणिताच्या धास्तीने आपली काही मुले-मुली शाळेस रामराम ठोकतात, याचे आम्हांस वैषम्य वाटते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणूनच उदाहरणे सोडविली.

समजा, बापाचे वय मुलाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. मुलाचे वय ‘य’ मानावे. बापाचे ३य झाले. मग ३य + १२ = २(य + १२), अर्थात ३य + १२ = २य + २४; म्हणून य = १२. मुलगा १२ वर्षांचा, बाप ३६ चा. १२ वर्षांनी २४ व ४८, ताळा जमला.

पालकांनी उत्तर सांगू नये. ‘काय काढावयाचे आहे?’ एवढेच विचारावे. अज्ञाताला नाव दिले की भीती निम्मी सरते. गणितापायी कोणाही मुलीचे वा मुलाचे शिक्षण थांबू नये, हीच आमची विनंती.