जुना प्रक्षेपक निवडतांना



सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर, नवापूर तालुक्यांत, चिंचपाडा हें लहानसें स्थानक आहे. तेथील एखाद्या घरीं आजोबांची पेटी उघडली आणि तींत पत्र्याच्या डब्या निघाल्या, असें समजा. डब्यांत फिल्मच्या गुंडाळ्या; त्यांत कोणाचें लग्न, कोणाची मुंज, कोणाचीं पहिलीं पावलें. हें सारें पाहावयाचें तर प्रक्षेपक, म्हणजे प्रोजेक्टर, पाहिजे. घरगुती प्रक्षेपक करणाऱ्या बहुतेक कारखान्यांनीं तें काम कधींच सोडून दिलें. तेव्हां यंत्र जुनेंच घ्यावें लागतें. त्यासाठीं चिंचपाडेकरांस सुरत गांठावी लागेल, नाहीं तर थेट मुंबईचा चोरबाजार. इतक्या दुरून आणलेलें यंत्र परत करणें अवघड. म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वीं काय जाणून घ्यावें, तें आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. घरगुती चित्रें बहुधा रिव्हर्सल जातीच्या फिल्मवर घेत. कॅमेऱ्यांतून गेलेली पट्टी धुतली कीं तीच प्रक्षेपकांत लावावयाची. छायाचित्राची निगेटिव्ह जपून ठेवतां येते. येथें ती मुळींच नसते. आपल्या डबींत आहे ती जगांतील एकुलती एक प्रत. प्रक्षेपकाच्या दांत्यानें ती फाडली, तर आजीच्या लग्नाचें तें चित्र पुन्हां कोठूनही आणतां येणार नाहीं. यास्तव दिवा किती प्रखर आहे हें नंतर पाहावें. फिल्म जशी दिली तशी सुखरूप परत करील तें यंत्र चांगलें, ही पहिली कसोटी होय.

आतां फिल्मची जात ओळखूं. मुलांच्या दप्तरांतील मोजपट्टी यास पुरे. रुंदी साडेनऊ मिलिमीटर असून छिद्रें दोन चित्रांच्या मध्यभागीं असतील, तर ती १९२२ सालची पाथे कंपनीची पद्धति. सोळा मिलिमीटर ही कोडॅक कंपनीनें १९२३ सालीं आणली. आठ मिलिमीटरच्या मात्र दोन जाती आहेत व येथेंच पुष्कळजण फसतात. १९३२ च्या आठ मिलिमीटरचीं छिद्रें मोठीं असून दोन चित्रांमधील रेषेच्या पातळीवर येतात. १९६५ च्या सुपर आठचीं छिद्रें लहान असून चित्राच्या मध्यासमोर असतात. एकीचें यंत्र दुसरीस चालत नाहीं. कांहीं यंत्रांत मात्र खटका फिरवून दोन्ही चालवितां येतात. फिल्म पस्तीस मिलिमीटरची निघाली, तर ती घरीं चालविण्याचा मोह धरूं नये. १९५० च्या सुमारापूर्वींची अशी फिल्म बहुधा नायट्रेटची असते आणि ती पेटली तर पाण्यानेंही विझत नाहीं.

सोळा मिलिमीटरमध्यें आणखी एक खांच आहे. मूक फिल्मला सामान्यतः दोन्ही कडांस छिद्रें असतात. बोलक्या फिल्मला एकाच कडेस, कारण दुसऱ्या कडेवर ध्वनीची रेघ असते. मूक फिल्मसाठीं केलेल्या यंत्रांतील चाकांस दोन्ही बाजूंनीं दांते असतात. त्यांत बोलकी फिल्म घातली कीं ते दांते ध्वनीच्या रेघेलाच भोंकें पाडतात. तेव्हां चाकांचे दांते मोजून घ्यावे.

दुकानांत यंत्र हातीं आल्यावर झांकण उघडावें. ज्या अरुंद वाटेनें फिल्म दिव्यासमोरून सरकते तिला गेट म्हणतात. तिच्यावरून बोट फिरवून पाहावें. ओरखडा किंवा खडबडीत पुटें लागतां कामा नयेत. पडद्यावर जी उभी रेघ सतत दिसते, ती बहुधा येथील धुळीनें किंवा खरवडीनें पडलेली असते. फिल्म ओढणारा आंकडा झिजलेला वा वांकलेला नसावा. रबरी पट्टे हात लावतां चिकटत असतील, तर ते बदलावयाचे हें धरून किंमत ठरवावी. भिंग उजेडाकडे धरावें. नवापूरच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेंत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. दिव्यावरील अक्षरें टिपून घ्यावीं आणि तसा दिवा आज मिळतो कीं नाहीं, याची चौकशी पैसे देण्यापूर्वींच करावी.

विजेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. अमेरिकेंतून आलेलीं पुष्कळ यंत्रें ११० ते १२० व्होल्टचीं असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट. यंत्र सरळ जोडलें तर दिवा तत्क्षणीं जातो. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो, पण विजेचीं आवर्तनें बदलत नाहीं. म्हणून साठ आवर्तनांवर वेग ठरलेली मोटार आपल्या पन्नास आवर्तनांवर एकषष्ठांशानें मंद चालते. दिवा व मोटार या दोहोंचा भार पेलेल असाच ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

यानंतर परीक्षा. बरोबर टाकाऊ फिल्मचा तुकडा न्यावा व तोच प्रथम चालवावा. घरची फिल्म दुकानांत कदापि लावूं नये. गेटच्या वर व खालीं फिल्मचे सैल वळसे टिकतात का, खालचें रीळ फिल्म नीट गुंडाळतें का, हें पाहावें. मग तो तुकडा बाहेर काढून उजेडांत तपासावा. नवा ओरखडा दिसला, किंवा छिद्राची कड उसवलेली आढळली, तर किंमत कितीही थोडी असली तरी यंत्र तेथेंच सोडावें.

शेवटीं फिल्मचीही प्रकृति पाहावी. डबी उघडतांच शिरक्यासारखा आंबट वास आला, तर ॲसिटेट कुजूं लागलें आहे असें समजावें. अशी फिल्म आखडते, व मग कितीही चांगल्या यंत्राचे दांते तिच्या छिद्रांत नीट बसत नाहींत. ती चालवूं नये. जाणत्या माणसाकडून तिची संगणकीय प्रत करून घ्यावी. मूळ फिल्म थंड व कोरड्या जागीं, इतर गुंडाळ्यांपासून दूर ठेवावी. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तें चित्रपट जपण्यासाठींच. आपल्या पेटींतील चित्रांचें संग्रहालय मात्र आपणच.

पन्नास फुटांची आठ मिलिमीटरची फिल्म जेमतेम चार मिनिटें चालते. तेवढ्या वेळांत घरांतील वडील मंडळी पडद्यावरच्या माणसांचीं नांवें सांगतात. तीं त्याच वेळीं टिपून ठेवावीं. यंत्र पुन्हां एखादें मिळेल, पण तीं नांवें सांगणारीं माणसें नेहमींच भेटतील असें नाहीं.